डेअरीचा नंबर

"ताई, तो रकाना मोकळा ठेवता येत नाही," हेमंत म्हणाला. "लाल चांदणी दिसते ना? म्हणजे भरल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही."

रकाना मोबाइल नंबरचा होता आणि माझ्या टेबलापुढे कोंढारवाडीचे आबा वाघमोडे उभे होते. धोतर, बंडी, पटका आणि काठी यापलीकडे आबांपाशी वस्तू म्हणून काही नव्हती. तरी मी विचारलं, आबा, फोन नंबर काय? आबांनी डोळे मिटले आणि शाळेत पाढा म्हणावा तसा नंबर घडाघड म्हणून दाखवला. चांदणीचं समाधान झालं, पुढचं पान उघडलं. आबांना फोन आपणच घेऊन दिल्यासारखं हेमंतने माझ्याकडे पाहिलं.

हेमंत माझा धाकटा भाऊ. पुण्यात दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत तो नुकताच विक्रीच्या कामाला लागला होता, आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक कोण, तर सख्खा मेहुणा. त्यामुळे झालं असं की, त्या यंत्राविषयी तोंड उघडायचा माझा हक्क पहिल्या दिवशीच गेला. काही बोलले की डॉक्टर म्हणत, "तुझ्याच भावाने आणलंय."

डॉक्टर म्हणजे माझे यजमान. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मी त्यांना डॉक्टरच म्हणते, कारण घरातही ते तसेच वागतात. करमाळ्याच्या पेठेत आमचा दवाखाना. आतली खोली त्यांची, बाहेरचं टेबल माझं. नंबर लावायचे, फी घ्यायची, औषधांचा साठा बघायचा. मी बी.कॉम. आहे. माणूस आत जाताना दुखणं किती सांगतो आणि बाहेर येताना पाकिटाकडे हात किती सावकाश नेतो, यावरून मला त्याची निम्मी कुंडली कळते.

डॉक्टरांचा स्वभाव असा की, कुठल्याही गोष्टीच्या विरोधात ते फार दिवस टिकत नाहीत. पहिला आठवडाभर त्यांनी कंप्युटरला नावं ठेवली. दुसऱ्या आठवड्यात दोन बोटांनी टाइप करत, पडद्यावरची नजर न काढता ते पेशंटला "जीभ दाखवा" म्हणू लागले. पेशंट बिचारा कंप्युटरला जीभ दाखवी. तिसऱ्या आठवड्यात गावागणिक लावलेली केसपेपरांची खोकी त्यांनी माळ्यावर टाकली आणि मला सांगितलं की, इथून पुढे आपल्याकडे सगळं खरं आणि जिथल्या तिथे.

त्याच सुमारास मंदा आली. तीही कोंढारवाडीचीच, दत्तू वाघमोड्याची बायको. पदरी दोन मुली. दुसरीच्या वेळी सोलापूरला पोचेपर्यंत तिचं इतकं रक्त गेलं होतं की, तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी दत्तूला समोर बसवून सांगितलं, पुन्हा दिवस राहिले तर ही जगायची नाही. दत्तूने ऐकून घेतलं, डॉक्टर लोक भीती घालतातच असं म्हणाला आणि महिन्याभरात मुलाचा नवस बोलून आला. ऑपरेशनचं नाव काढलं तर बायकोला माहेरी पाठवायची त्याची तयारी होती. गोळ्या आणून दिल्या असत्या तर त्या उशाखाली सापडल्या असत्या. म्हणून डॉक्टर तिला दर तीन महिन्यांनी दिवस न राहण्याचं इंजेक्शन देत. घरी त्याचं नाव 'ताकदीचं'. जुन्या केसपेपरवरही डॉक्टर 'ताकदीचं' एवढंच लिहीत, आणि कागदाने त्यांना कधी उलट विचारलं नव्हतं.

कंप्युटरने विचारलं. 'ताकदीचं' नावाचं औषध त्याच्या यादीतच नव्हतं. डॉक्टरांनी दोनतीनदा लिहून पाहिलं, दरवेळी लाल अक्षरं आली. शेवटी यादीतलं खरं नाव निवडलं तेव्हा कुठे सुई टोचायची परवानगी मिळाली.

बाहेर येऊन मंदा माझ्यापुढे उभी राहिली. मी नंबर विचारला. तिने आधी बाकाकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "डेअरीचा घाला. समदे त्योच घालत्यात."

तेव्हा मला आबांच्या पाढ्याचा उलगडा झाला. कोंढारवाडीत तेव्हा दिवसातून निम्मा वेळ वीज नसे. घरोघरचे फोन मेलेले. जिवंत फोन एकच, दूध डेअरीचा, कारण दूध थंड करायच्या यंत्रासाठी तिथे जनरेटर होता. त्या फोनचा नंबर डेअरीच्या भिंतीवर दारापेक्षा मोठ्या आकड्यांत रंगवला होता आणि अख्ख्या वाडीला तोंडपाठ होता. मी शोधून पाहिलं, तर कोंढारवाडीच्या एकूण एक पेशंटपुढे तोच नंबर. हेमंतला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "रकाना भरलाय ना? मग काळजी कसली?"

मंदाने पाहिलं ते बाकावर बसलेल्या सासूकडे, गयाबाईकडे. आम्हाला खरा धाक तिचाच होता. मंदा कधी एकटी आली नाही. दरवेळी म्हातारी बरोबर असायची आणि दारातल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची की, नातवाचं तोंड बघितल्याबिगर मी काय डोळं मिटत न्हाई. हिशेबाला अशी पक्की की, मीसुद्धा तिच्यापुढे सुटे पैसे दोनदा मोजायची. फीमधले पाच रुपये सोडवून घेतल्याशिवाय ती उठत नसे. धाकट्या नातीला पाजायला घरून दूध आणी, आणि मुलीचं पिऊन झालं की पेल्यात बोट फिरवून राहिलेला थेंब तिच्याच ओठाला पुसे. डॉक्टर म्हणत, ही बाई म्हशीलाही पावती मागत असेल.

आता हेमंतच्या सॉफ्टवेअरचा मोठा गुण असा की, पुढची तारीख जवळ आली की ते आपणहून पेशंटला निरोप पाठवी, आदल्या दिवशी सकाळी सहाला. तोही मराठीत. "इंग्रजी कोणाला कळतं, ताई? आपल्या माणसाला आपल्या भाषेत." नाव, गाव, आजार, औषध, तारीख, सगळं. डॉक्टरांना ते फार आवडलं होतं.

आणि खरंच, दोनएक महिन्यांत कोंढारवाडी सुधारली. रक्तदाबवाले, साखरवाले, जे एरवी गोळ्या संपल्यावर पंधरा दिवसांनी उगवायचे, ते तारखेला हजर. इतर गावांचे पेशंट होते तसेच अळंटळं करत होते. सुधारणा तेवढी कोंढारवाडीत. डॉक्टर म्हणाले, "बघ. शिस्त लागते माणसाला." मला मात्र हा आकडा पटत नव्हता. ज्या गावात फोन एक, त्याच गावाला शिस्त लागावी?

एका गुरुवारी दुपारी आबा साखर तपासायला आले तेव्हा मी सरळ विचारलं, आबा, तुम्हाला तारीख कळते कशी?

"भोंग्यावर पुकारत्यात की," आबा म्हणाले.

"कोण पुकारतं?"

"भानुदास. डेअरीचा सेक्रेटरी. सकाळी दुधाचं फ्याट सांगून झालं की तुमचं निरोप वाचतोय. लई झ्याक वाचतोय बगा. परवा आमच्या तात्याचं मूळव्याधीचं वाचलं, समद्या गावाला कळलं."

डॉक्टर आतून हे ऐकत होते. ते पोट धरून हसायला लागले. तात्याच्या मूळव्याधीचं त्यांना काही वाटलं नाही, आपली पद्धत यशस्वी झाली एवढंच त्यांना दिसलं. मी हसले नाही. मी कंप्युटरवर मंदाचं पान उघडलं. पुढची तारीख शनिवार. म्हणजे निरोप उद्या, शुक्रवारी सकाळी सहाला. खाली निरोपाचा मजकूरही तयार होता: मंदा दत्तू वाघमोडे, कोंढारवाडी, आपले गर्भनिरोधक इंजेक्शन शनिवारी देय आहे.

मी पडदा डॉक्टरांकडे फिरवला. त्यांचं हसू तिथेच थांबलं.

पुढचा तास कसा गेला ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं. डॉक्टरांनी शनिवारची तारीखच पुसून टाकली. लगेच पडद्यावर आलं: मंदा दत्तू वाघमोडे यांचे गर्भनिरोधक इंजेक्शन रद्द झाल्याचा निरोप उद्या सकाळी पाठवला जाईल. मी म्हटलं, नंबर बदला. बदलला, तर नवीन नंबरची नोंद झाल्याचा निरोप जुन्या नंबरवर जाणार, खात्रीसाठी, आणि रांगेत लागलेलं सगळंही जुन्यावरच. औषधाचं नाव बदलायला गेलो, तर औषधात बदल झाल्याचा तिसरा निरोप, त्यात आधीचं औषध आणि नंतरचं औषध, दोन्ही. एक निरोप अडवायला गेलो आणि रांगेत आणखी तीन उभे करून बसलो.

हेमंतला फोन लावला. तो म्हणाला, ताई, पेशंटला न कळवता काही बदलता येत नाही, तीच तर आमची खासियत आहे. मी त्याला खासियतीचं काय करायचं ते सांगितलं. मग त्याने बंगळूरला तक्रार नोंदवतो म्हणून सांगितलं. दोन कामाच्या दिवसांत उत्तर येईल.

"आणि कंप्युटर बंदच करून ठेवला तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाजी, निरोप तुमच्या कंप्युटरवरून जातच नाहीत," हेमंत अभिमानाने म्हणाला. "तुमच्याकडे लाइट नसली तरी जाणार."

राहिला भानुदास. पण भानुदास दत्तूचा सख्खा चुलतभाऊ. त्याला 'मंदाचा निरोप वाचू नकोस' म्हणून सांगणं म्हणजे दत्तूलाच सांगण्यासारखं. तरी डॉक्टरांनी संध्याकाळी डेअरीला फोन लावला, काहीतरी गोलमाल बोलून निरोप पुकारणंच थांबवू म्हणून. भानुदासचे दोन्ही हात दुधात गुंतलेले; त्याने फोन माइकपाशीच ठेवला असावा. कारण डॉक्टरांनी "हॅलो" म्हटलं आणि पलीकडून त्यांचाच "हॅलो" भोंग्यातून, वाडीभर फिरून परत आला. डॉक्टरांनी पावसापाण्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. नंतर लावला तर बंद. बॅटरी वाचवायला भानुदास रात्री फोन बंद ठेवी.

शेवटी असं ठरलं की, पहाटे आपणच जायचं. डॉक्टरांनी काहीतरी निमित्त करून भानुदासचा फोन हातात घ्यायचा आणि मंदाचं तेवढं पुसायचं. यजमानांना फोनमधला निरोप पुसता येत नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे.

पोचलो तेव्हा उजाडलं होतं. डेअरीपुढे कॅनांची रांग लागली होती. पुढच्या टेबलावर वजनाचा काटा, फॅट तपासायचं यंत्र, माइक, आणि माइकशेजारी स्वच्छ रुमालावर तो फोन. दत्तू मोटरसायकलवर टेकून तंबाखू मळत होता. आणि रांगेत अगदी पुढे, डोक्यावर भरलेला कॅन घेऊन गयाबाई.

"आज म्हातारी कशी काय?" मागचं कोणीतरी विचारत होतं. दत्तू म्हणाला, "ऐकतीया का कुणाचं? मीच नेणार म्हणली आज."

आम्ही गाडीतून उतरलो मात्र, भानुदास टेबल सोडून धावत आला. एवढे मोठे डॉक्टर डेअरीवर पहिल्यांदाच आले होते. खुर्च्या झाल्या, चहा सांगितला गेला. डॉक्टर म्हणाले, भानुदास, जरा तुझा फोन बघू. भानुदास म्हणाला, साहेब, फोन कुठं जातोय, आधी दोन शब्द बोला. आणि त्याने माइक डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांना माइक मिळाला की काय होतं ते मला लग्नाच्या पहिल्या वाढदिवसापासून माहीत आहे. पण त्या दिवशी ते मुद्दाम लांबवत होते. उकळलेलं पाणी झालं, हात धुणं झालं, तंबाखू झाली. दत्तूने तंबाखू तोंडात टाकली. मी तेवढ्यात टेबलाकडे सरकले, पण भानुदासने फोन उचलून खिशात टाकला होता. डॉक्टर तिसऱ्यांदा पाण्यावर आले तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, दूध नासंल आता, साहेब.

भानुदासने माइक आदराने परत घेतला. आधी फॅट सांगितले. मग गळा साफ केला. "आता दवाखान्याचे निरोप. आज डॉक्टरसाहेब स्वतः हजर आहेत, तरी सर्वांनी शांततेत ऐकावे."

पहिला निरोप आबांच्या बायकोचा, रक्तदाबाचा. दुसरा कोणाच्या तरी दम्याचा. डॉक्टर त्याच्या कानाशी लागून म्हणाले, आजचे राहू दे, मी तोंडीच सांगतो. भानुदास माइकमध्येच म्हणाला, "साहेब म्हणत्यात राहू दे, पण आपलं काम चोख असतंय." त्याने फोन डोळ्यांजवळ धरला. "आज एकाच माणसाचे चार निरोप आहेत. मंदा दत्तू वाघमोडे, कोंढारवाडी. आपले..."

दत्तूने मान वर केली.

त्याच क्षणी गयाबाईने कॅन टेबलावर उतरवला. म्हणजे उतरवायला म्हणून खाली घेतला आणि तो कलंडला. झाकण आधीच सैल असावं. सगळं दूध टेबलभर पसरलं, काट्यावरून, माइकवरून, भानुदासच्या हातातल्या फोनवरून त्याच्या कोपरापर्यंत. भोंगा एकदा खरखरला आणि गप्प झाला. भानुदासने हात झटकला तसा फोन सुटून खालच्या घमेल्यात पडला. घमेल्यातही दूधच होतं.

एकदम कालवा झाला. कोणी जनरेटर बंद करायला धावलं, कोणी पोती आणायला. दत्तू आईवर ओरडत होता की, झेपत न्हाई तर कशाला मिरवायला आलीस. म्हातारी आपला हात दाखवत नुसती म्हणत होती, "घसरला, बाबा. वय झालं आता."

मी तिच्याकडे पाहत होते. पेल्यातला थेंब बोटाने पुसणारी बाई. दूध तिच्या पायांवरून वाहत गटाराकडे चाललं होतं आणि तिने खाली बघितलंसुद्धा नाही. तिचं सगळं लक्ष घमेल्याकडे होतं, फोन पुरता बुडाला की नाही तिकडे.

फोन संपला. डेअरीच्या पंचांनी नवा घ्यायला दिवाळी गाठली, आणि तोपर्यंत आम्ही वाडीच्या पेशंटांचे नंबर इकडचे तिकडे करून घेतले.

शनिवारी दोघी आल्या. मंदा आत गेली. गयाबाई बाकावर न बसता माझ्या टेबलाशी आली. मी तिला म्हटलं, मंदाचा कायमचा नंबर लिहायचाय, डेअरीचा आता चालायचा नाही. कोणाचा लिहू? नंबराशिवाय हे पुढे जात नाही.

"तुमचाच लिवा," ती म्हणाली.

मी लिहिला. (मंदाचे निरोप अजून माझ्याच फोनवर येतात. त्या इंजेक्शनचं वय तिचं कधीच सरलं, थोरल्या मुलीचं लग्न झालं, गयाबाई गेली. पण निरोप थांबवायचं बटण हेमंतच्या कंपनीला अजून सापडलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, तुझ्याच भावाने आणलंय.)

मग मी आवाज खाली आणून विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"ताकदीचं इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा लागतंय व्हय? म्हशीला सुदिक कळंल." तिने आतल्या दाराकडे पाहिलं. "मंदीला सांगू नका मला म्हाईत हाय म्हणून. भ्याल ती. हाय तसं चालू द्या."

"आणि नातवाचं तोंड बघायचं म्हणत होता ते?"

"ते दत्तूच्या कानावर जायाला नगं? मी असं बोलली नसती, तर त्यो कवाच दुसरी बघायला लागला असता. ल्योक माझाच हाय, डॉक्टरीणबाई. पर सोलापूरला जाताना गाडीत तिचं डोस्कं माझ्या मांडीवर हुतं. लुगडं भिजून माझ्या पायापतूर आलं हुतं."

मला जे सुचतं तेच मी विचारलं. म्हटलं, गयाबाई, कॅन भरलेला होता. दूध किती गेलं?

"मोजलं न्हाई," ती म्हणाली.

मंदा बाहेर आली, पदर सारखा करत. गयाबाईने कनवटीची पिशवी सोडली, माझ्यापुढे नोटा ठेवल्या आणि त्यातले पाच रुपये बोटाने परत आपल्याकडे ओढून घेतले.